एलिझाबेथ शॉ यांचे ठाणे : आडनावाआड गेलेला एक कुलवृत्तान्त

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना एम.ए.च्या वर्गात आम्ही दरवर्षी एक साधा खेळ करतो. प्रत्येकाने आपल्या घराण्यातील माणसांची नावे मागे मागे जात लिहायची. कल्याण-डोंबिवलीच्या मुलामुलींच्या वह्यांत वडिलांकडची बाजू चार, पाच, क्वचित सात पिढ्यांपर्यंत जाते. आईकडची बाजू मात्र आजीपाशी अडखळते आणि पणजीपाशी थांबते. आजीच्या आईचे माहेरचे आडनाव सांगणारा विद्यार्थी आम्हांला इतक्या वर्षांत फार क्वचित भेटला. आम्ही स्वतः हा खेळ प्रथम खेळून पाहिला, तेव्हा आमचीही गत निराळी नव्हती.

याच संदर्भात मेनोनाइट पंथाची आठवण येते. प्रौढपणी बाप्तिस्मा घ्यावा, शस्त्र हाती धरू नये, शपथ घेऊ नये असे मानणारा हा युरोपातील ख्रिस्ती पंथ. छळ झाला की गाव सोडायचे आणि नवी जमीन कसायची, असे त्यांनी तीन-चार शतके केले. १६८३ साली क्रेफेल्डहून तेरा कुटुंबे पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउनला आली. ती क्वेकर आणि मेनोनाइट अशा मिश्र वळणाची होती. पुढे १८७४ पासून रशियातील मेनोनाइट कॅन्सास आणि मॅनिटोबात उतरले. सतत उठून जाणाऱ्या या माणसांनी घराण्याच्या नोंदी मात्र जिवापाड जपल्या. प्रशिया-रशियाकडच्या मेनोनाइटांच्या वंशावळींचा जो मोठा संगणकीय संग्रह आज आहे, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘ग्रँडमा’ हा शब्द तयार होतो. वंशावळीच्या संग्रहाला आजीचे नाव मिळावे ही गोष्ट, आजीपाशी अडखळणाऱ्या आमच्या वर्गाला, थोडी झोंबते.

अशी वसाहतीच्या काळातील एखादी परदेशी स्त्री आणि तिचे घराणे आपल्या परिसरात सापडेल का, या प्रश्नाने हा लेख सुरू झाला. मेनोनाइटांचे चुलतभाऊ म्हणावेत असे ‘ब्रदरन’ पंथीय जुन्या ठाणे जिल्ह्यात आले होते. १७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे हा पंथ स्थापन झाला, १७१९ मध्ये त्याची पहिली तुकडी त्याच जर्मनटाउनला पोचली आणि १८९४ मध्ये त्यांचे मिशनरी मुंबईत उतरून वलसाडकडे गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूला त्यांचे ठाणे झाले. तेथील मिशन दवाखान्यात काम केलेल्या डॉ. बार्बरा निकी यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू पालघर जिल्ह्यात गेले, तरी इतिहासाच्या दृष्टीने हा ठाणे जिल्ह्याचाच भाग. परंतु ठाणे शहरात याहून सुमारे पाऊण शतक आधी एक अमेरिकन घर मांडले गेले होते, आणि त्या घरातील बाईची गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. पंथ वेगळा आहे, हे आधीच मान्य करतो. हे लोक न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल परंपरेचे. दुसरा फरक अधिक मोठा. मेनोनाइट बाईच्या घराण्याला जमीन असते, शेत असते, दफनभूमी असते. ठाण्याच्या या बाईच्या वाट्याला जमिनीऐवजी जहाजे आली.

फेब्रुवारी १८१८ मध्ये मुंबईत एकाच जहाजातून तीन अमेरिकन स्त्रिया उतरल्या. मेरी ली या ॲलन ग्रेव्ह्ज यांच्या पत्नी होत्या आणि एलिझाबेथ शॉ जॉन निकोल्स यांच्या. तिसऱ्या फिलोमेला थर्स्टन अविवाहित होत्या. मुंबईत असलेल्या सॅम्युएल न्यूवेल या विधुर मिशनऱ्याशी लग्न करण्यासाठी त्या आल्या होत्या. त्या तिघींची नावे आम्ही माहेरच्या आडनावांसह देत आहोत, कारण मिशनच्या समकालीन अहवालांत त्या बहुतेक वेळा ‘मिसेस ग्रेव्ह्ज’, ‘मिसेस निकोल्स’, ‘मिसेस न्यूवेल’ अशाच येतात. यातले ‘मिसेस न्यूवेल’ हे नाव तर वाचकाची हमखास फसगत करते. न्यूवेल यांच्या पहिल्या पत्नी हॅरिएट ॲटवुड १८१२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशसच्या बेटावर वारल्या. त्यांचे तान्हे मूल त्याआधीच गेले होते. त्यांच्या चरित्राने अमेरिकेत घराघरांतून डोळे पुसले गेले. म्हणजे नाव एक आणि बायका दोन. एक ग्रंथरूपाने अमर झाली आणि दुसरी त्याच नावाखाली संसार करीत राहिली.

निकोल्स दांपत्याची नेमणूक ठाण्यास झाली. ते ठाणे कसे होते याची कल्पना करायची तर आजचे स्थानक, पूल आणि गर्दी डोळ्यांपुढून काढून टाकावी लागेल. रेल्वे यायला अजून पस्तीस वर्षे होती. ती १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आली आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. मुंबई बेटावरून शीवचा बांध ओलांडून साष्टीत यायचे आणि बेटाच्या ईशान्य टोकाला, खाडीच्या काठी, ठाण्याचा किल्ला दिसायचा. १७७४ च्या अखेरीस कंपनीने तो मराठ्यांकडून घेतला होता आणि आता त्याचा तुरुंग झाला होता. याच तुरुंगातून १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे निसटले. गावातल्या लोकांच्या तोंडी ती हकीकत अजून ताजी असणार. खाडीपलीकडचा कल्याणचा मुलूख कालपरवापर्यंत पेशव्यांचा होता. तो नुकताच कंपनीकडे आला होता. निकोल्स यांचे घर अशा रीतीने एका मोडत्या राज्याच्या उंबरठ्यावर होते.

ख्रिस्ती माणूस मात्र ठाण्याला नवा नव्हता. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, याचा वृत्तान्त जॉर्डानुस आणि ओडोरिक या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवला आहे. पोर्तुगीजांच्या अंमलात साष्टीतील कोळी, कुणबी, भंडारी घरे मोठ्या संख्येने कॅथलिक झाली आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकल्यावरही कॅथलिकच राहिली. म्हणून एलिझाबेथ यांच्या दृष्टीने हे गाव दुहेरी परके होते. हिंदू, मुसलमान आणि बेने इस्राएल शेजारी तर परके होतेच. पण मराठी बोलत गळ्यात क्रूस घालणारी कोळीणही, न्यू इंग्लंडच्या प्युरिटन संस्कारात वाढलेल्या बाईला, आपली वाटणे कठीण होते. धर्माची आणि वंशाची रेषा जुळत नाही, हा धडा ठाण्याने त्यांना पहिल्या आठवड्यातच दिला असावा.

मिशनचे काम शाळांचे आणि छापखान्याचे. मुंबईत १८१७ मध्ये या मिशनच्या छापखान्याने मराठी पुस्तिका छापायला सुरुवात केली आणि १८२६ पर्यंत संपूर्ण ‘नवा करार’ मराठीत छापून काढला. पुढे मराठी मुद्रणाचा पाया घालणारे गणपत कृष्णाजी याच छापखान्याचे काम पाहून तयार झाले, हे आमच्या वाचकांना माहीत आहेच. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. या सगळ्या हकिकतींत कर्ता पुरुष असतो. शाळा ‘मिस्टर निकोल्स’ यांच्या देखरेखीखाली असते, दौरा ते करतात, पत्र ते लिहितात. त्या देखरेखीचे घर कोण चालवीत होते, स्वयंपाक्याशी, भिस्त्याशी, आयाशी रोजची मराठी कोण बोलत होते, हा प्रश्न अहवालात विचारला जात नाही. मिशनऱ्यांच्या मराठीविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. ते सारे व्याकरण, कोश आणि भाषांतर यांविषयी आहे. स्वयंपाकघरातल्या मराठीवर, म्हणजे या बायका आणि त्यांची मुले जी मराठी खरोखर बोलली तिच्यावर, एखादा प्रबंध व्हायला हवा.

मग मृत्यूंची रांग लागली. मे १८२१ मध्ये न्यूवेल पटकीने गेले. डिसेंबर १८२४ मध्ये जॉन निकोल्स वारले. ऑक्टोबर १८२५ मध्ये एडमंड फ्रॉस्ट गेले. त्यांना येऊन पुरते दीड वर्षही झाले नव्हते. मार्च १८२६ मध्ये मिशनचे ज्येष्ठ गॉर्डन हॉल नाशिकच्या दौऱ्यावरून परतत होते. पटकीच्या साथीत जवळचे औषध त्यांनी बहुतेक वाटून टाकले होते. वाटेत धुर्ली-ढापूर येथे एका देवळाच्या ओसरीवर ते स्वतः त्याच रोगाने गेले. त्यांच्या पत्नी मार्गारेट लुइस आदल्या वर्षीच दोन आजारी मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या होत्या. एक मुलगा प्रवासातच दगावला. दुसरा वाचला आणि बापाचेच नाव लावून मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मोपदेशक झाला. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी मार्गारेटबाईंना कित्येक महिन्यांनी, जहाजाने, मिळाली असणार. हॉल यांच्या मृत्यूचे वर्णन मिशनच्या साहित्यात पानेच्या पाने आहे. त्या जहाजावरील आईविषयी एखादेच वाक्य असते, आणि आम्हांला तेच वाक्य अधिक वेळा वाचावेसे वाटते.

एलिझाबेथ निकोल्स आणि क्लॅरिसा फ्रॉस्ट या दोघी विधवांनी पुढे काय केले? १८२६ मध्ये त्या मुंबईहून सिलोनला, जाफना येथे गेल्या, आणि त्याच वर्षी दोघींनी तिथे पुनर्विवाह केला. एलिझाबेथ यांनी इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे जोसेफ नाइट यांच्याशी, तर क्लॅरिसा यांनी अमेरिकन मिशनचे हेन्री वुडवर्ड यांच्याशी. वुडवर्डही १८३४ मध्ये वारले, तेव्हा क्लॅरिसा यांनी मदुराईच्या विल्यम टॉड यांच्याशी तिसरा विवाह केला आणि १८३७ मध्ये त्या मदुराईतच वारल्या. माहेरचे एमर्सन, मग फ्रॉस्ट, मग वुडवर्ड, मग टॉड अशी एका बाईला चार आडनावे. मुंबईच्या यादीत, जाफन्याच्या यादीत आणि मदुराईच्या यादीत त्या तीन वेगवेगळ्या ‘मिसेस’ आहेत. फिलोमेला यांचेही तसेच. न्यूवेल गेल्यावर त्यांनी १८२२ मध्ये मिशनचे मुद्रक जेम्स गॅरेट यांच्याशी लग्न केले. १८३१ मध्ये गॅरेटही वारले आणि त्या मुलांसह मायदेशी गेल्या. जहाजातून उतरलेल्या तिघींपैकी फक्त मेरी ली-ग्रेव्ह्ज यांचे आडनाव बदलले नाही. १८४३ मध्ये महाबळेश्वरजवळच्या माल्कमपेठेत पती निवर्तल्यावरही त्या इथेच राहिल्या.

या पुनर्विवाहांकडे नंतरच्या काही वाचकांनी उपहासाने पाहिले आहे. आम्हांला तो उपहास अन्यायाचा वाटतो. तिशीच्या आसपासची, जवळ मालमत्ता नसलेली, पतीच्या नेमणुकीखेरीज स्वतःची नेमणूक नसलेली बाई. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. चार-पाच महिन्यांचा समुद्र ओलांडून नातलगांच्या घरी परत जायचे, किंवा जे काम आपले मानले त्यात राहण्यासाठी त्या कामातल्याच कोणाशी लग्न करायचे. एकट्या बाईला काम देण्याची कल्पना मिशनला जरा उशिरा सुचली. १८२७ च्या डिसेंबरात सिंथिया फॅरार मुंबईत उतरल्या त्या अविवाहित शिक्षिका म्हणून. पुढे त्यांच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात शाळा काढली. फॅरार १८६२ मध्ये नगरलाच वारल्या, आयुष्यभर एकाच नावाने. म्हणूनच त्यांचा शोध घेणे सोपे आहे! एलिझाबेथ यांचा जहाजप्रवास आणि फॅरार यांचे आगमन यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. ते अंतर उलटे असते तर एलिझाबेथ ठाण्यातच राहिल्या असत्या का, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

ठाण्याच्या शेजाऱ्यांना विधवेचा पुनर्विवाह कसा दिसला असता? विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे तीस वर्षे पुढचा. पांढरपेशा आळीत ही गोष्ट धर्मबुडवेपणाची ठरली असती. पण आगरी, कोळी, कुणबी वस्तीत पाट लावणे, म्होतूर लावणे ही रीतच होती. ‘मडमेने पाट लावला’ एवढेच म्हणून कोळीण मासळीच्या पाटीकडे वळली असती. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवनाचा विचार करताना आपण ब्राह्मण घरातील विधवेला सर्व महाराष्ट्राची विधवा मानतो, ती चूक इथे ध्यानात येते.

नाइट यांच्या घरी जाफन्यात एक मोठे काम चालू झाले, ते तमिळ कोशाचे. त्यांनी जमवलेल्या शब्दसंग्रहावर पुढे इतरांनी काम केले आणि १८६२ मध्ये मायरन विन्स्लो यांचा तमिळ-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १८३१ मध्ये, मुंबईत मोल्सवर्थचा मराठी कोश आला. ज्या बाईने सहा वर्षे ठाण्याची मराठी कानांवर घेतली, ती दुसऱ्या संसारात तमिळ शब्दांच्या चिठ्ठ्यांमध्ये राहिली. घराण्याचा इतिहास आडनावाने लिहिला तर या दोन भाषांना जोडणारे काही उरत नाही. शॉ यांची मुलगी म्हणून लिहिला तर ठाणे आणि जाफना एकाच पानावर येतात.

हीच पद्धत आम्ही नगरच्या मिशनवर लावून पाहिली, आणि तिथे तर चित्रच पालटले. हेन्री बॅलंटाइन १८३५ मध्ये पत्नी एलिझाबेथ डार्लिंग यांच्यासह मुंबईत आले. त्यांची मराठी भक्तिगीते ख्रिस्ती मंडळींत आजही परिचित आहेत. त्यांची भारतात जन्मलेली मुलगी मेरी हिने वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँक यांच्याशी १८५६ मध्ये लग्न केले. (हे फेअरबँक पक्षिशास्त्राचेही मोठे नादी, दक्षिणेतल्या डोंगरांतील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ते आहेत.) मेरी यांची मुलगी केटी १८८७ मध्ये रॉबर्ट ॲलन ह्यूम यांची दुसरी पत्नी झाली. ह्यूम यांच्या पहिल्या पत्नी ॲबी या एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. ‘सूर्यसिद्धान्ता’चे १८६० मधील इंग्रजी भाषांतर या बर्जेस यांचेच. स्वतः ह्यूम १८४७ साली भायखळ्यात जन्मले. १८५४ मध्ये वडील समुद्रात वारल्यावर आई हॅना सॅकेट यांनी सहा मुलांना अमेरिकेत वाढवले आणि त्यांतले दोन मुलगे पुन्हा मराठी मुलखात परत आले. बर्जेस, बॅलंटाइन, फेअरबँक, ह्यूम ही इतिहासाच्या पुस्तकात चार प्रकरणे आहेत. आईच्या बाजूने वाचले तर ते एकच घर आहे, आणि त्या घरातील केटी यांना मराठी आजोळातून मिळालेली आहे. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या आयुष्यात ज्या ह्यूमसाहेबांचे स्थान एवढे मोठे आहे, त्यांच्या घरात मराठी किती खोल मुरलेली होती, हे त्याशिवाय समजत नाही.

आपल्याकडे पाहावे तर लक्ष्मीबाईंची मूळ ओळख मनकर्णिका गोखले अशी. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलले जाई, म्हणजे पुसणे दुहेरी. कोकणस्थ घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तान्त चाळले की पुरुषाच्या नोंदीत ‘भार्या’ म्हणून सासरचे नाव येते, कधी माहेरचेही, आणि मुलीची नोंद तिच्या लग्नाशी संपते. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ आम्हांला म्हणूनच वेगळ्या अर्थाने कुलवृत्तान्त वाटतो. सासरे, सासू, दीर, मामा, मावश्या, पोसलेल्या पोरी, दारात आलेली कोणीही माणसे त्यात घराणे म्हणून वावरतात. ज्या टिळकांच्या बालपणाचा काही काळ कल्याणात गेला त्यांचे चरित्र अनेकांनी लिहिले. पण ते घर दिसते ते लक्ष्मीबाईंच्या पानांतून. एलिझाबेथ शॉ यांच्या हातून असे पुस्तक झाले नाही. मिशनऱ्यांच्या पत्नींनी लिहिलेली बहुतेक पत्रे आप्तांना होती, आणि छापताना त्यांतील संसार गाळून भक्ती ठेवली गेली.

या लेखाचे टिपण करीत असताना कल्याणच्याच एका लेकीचे नाव सारखे मध्ये येत होते. जोशांची यमुना, लग्नानंतरची आनंदी. १८६५ चा जन्म. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. जिथे त्या शिकल्या त्याच शहरात ते जुने जर्मनटाउन मोडते. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकरांनी पुढच्याच वर्षी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, दोन्ही स्त्रियांनीच. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या आणि वर नावाचा दगड बसवला.

म्हणजे न्यू इंग्लंडची शॉ ठाण्यातून जाफन्याला गेली आणि कल्याणची जोशी पकिप्सीच्या एका अमेरिकन घराण्याच्या जागेत विसावली. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानत. यंदाच्या वर्गात वंशावळीचा खेळ करताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मावशी कुठल्या रकान्यात लिहायची?’ आमच्या फळ्यावरच्या आखणीत तो रकाना नव्हता. तो आम्ही खडूने बाजूला काढून दिला.